थार ओव्हरलँडिंगसाठी बनवायला दिली आणि 4,13,500 ला गंडलो

गॅरेजचं नाव टाकत नाहीये कारण केस चालू आहे आणि वकील म्हणाले तोंड बंद ठेवा. बाकी सगळं सांगतो, लाज वाटतेय तरी सांगतो.

गाडी म्हणजे 2016 ची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली), सेकंड हँड घेतलेली. मुलीची बारावी झाली की जून 2025 मध्ये किन्नौरवरून स्पिती, मग कुंझुम उतरून मनाली-लेह असा ओव्हरलँडिंगचा, म्हणजे सामान गाडीतच घेऊन दुर्गम रस्त्यांनी लांब फिरायचा, प्लॅन. मनाली-लेह रस्त्यावरच्या तंडीच्या पंपावरचा "पुढचा पंप 365 किलोमीटर" वाला बोर्ड ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की मला रील काढायची गाडी नको होती, सामान आणि डिझेल घेऊन दगडधोंड्यातून न मोडता जाणारी गाडी हवी होती. यादी साधी होती. दोन इंचाची लिफ्ट (गाडी तेवढी उंच करायची) आणि चांगलं सस्पेन्शन, स्टेपनी धरून पाच एटी (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे) टायर, स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारी नळी), खाली स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा), वर रॅक आणि टेंट, दुसरी बॅटरी. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर) नको म्हणालो, उगाच नाकावर वजन.

ऑक्टोबर 2024 ला गाडी दिली. ॲडव्हान्स 1,50,000 एनईएफटीने. डिसेंबरमध्ये "सर, सस्पेन्शन न्हावाशेवाला कस्टममध्ये अडकलंय, ड्युटी भरायची आहे" म्हणून 1,10,000, तेही गॅरेजवाल्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर. मग टायरचे 70,000. मग "आरटीओ पासिंग करून देतो" म्हणून 45,000 रोख. एप्रिलमध्ये गाडी सोडवताना 38,500. टोटल वर लिहिलीच आहे. पक्कं बिल एकाचंही नाही, वहीच्या पानावर पेनाने लिहिलेलं एस्टिमेट आणि त्याची सही, बास.

हसू नका. मी 19 वर्षं एमआयडीसीत क्वालिटीमध्ये काम करतोय, हातात व्हर्नियर घेऊन लोकांचा माल रिजेक्ट करणारा माणूस आहे मी. बायको एकदाच बोलली, "कंपनीत पावती नसलेला माल आत घेता का हो?" त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण त्या माणसाची बोलायची पद्धत अशी होती की समोर तुम्ही असता तरी हेच झालं असतं. टॉर्शन बार, लीफचा कॅम्बर, सस्पेन्शनचं सगळं तोंडपाठ. आणि शेडमध्ये आठ-दहा गाड्या उभ्या, त्यातल्या दोन बाहेरच्या राज्याच्या. एवढ्या लोकांनी दिल्यात म्हणजे माणूस खराच असणार, असंच वाटतं ना.

आता तो दिवस सांगतो. फेब्रुवारीतला एक रविवार, न कळवता गेलो. माझी थार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), मागची चाकं काढलेली, आणि मागचा अख्खा ॲक्सल खाली लाकडी फळीवर, ऑइल काढलेलं. बाजूलाच एक राखाडी थार, तिचाही ॲक्सल खाली. दोन ॲक्सल शेजारी शेजारी, मध्ये एक पोरगं बसून स्पॅनरने काहीतरी खोलत होतं, मला बघून उठून आत गेलं. मी विचारलं, सस्पेन्शनला डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधले, दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) कशाला उघडलं? तर म्हणे, "दादा, एवढ्या लांब जाणार तुम्ही, सर्व्हिसिंग करून देतो, फ्री."

फ्री. तोपर्यंत "सर" होतो, त्या दिवशी "दादा" झालो आणि मला बरं वाटलं! वर मी त्याला थँक्यू म्हणून पोरांना चहाला 200 रुपये देऊन आलो. ज्या माणसाने फॉग लॅम्पच्या वायरिंगचे वेगळे 1,800 लावले होते तो ॲक्सलची सर्व्हिसिंग फुकट का करेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. परतीच्या टोलनाक्यावर पडायला हवा होता. नाही पडला.

थारवाल्यांना सांगायला नको पण इतरांसाठी, 2015 नंतरच्या सीआरडीईला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे लॉकर, येतं. एक चाक रिकामं गरागरा फिरायला लागलं की मागून "खट्" होतं आणि दोन्ही चाकं मिळून ओढतात. माझ्या गाडीत तो आवाज मी कोकणात कितीदा ऐकलाय. गाडी आणल्यावर भोरच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर टेस्टला नेली, मागचं डावं चाक चिखलात गेलं आणि फिरतच राहिलं. खट् नाहीच. फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून कशीबशी काढली. फोन केला तर म्हणतो नवीन ऑइल आहे, रुळायला 500 किलोमीटर जाऊ द्या. आणि मी 500 किलोमीटर जाऊ दिले!! शेवटी गावाकडच्या एका म्हाताऱ्या फिटरकडे नेली, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी डिफरन्शियल उघडलं, बोटाने आत दाखवलं आणि म्हणाले, "ह्यात लॉकर कुठंय? हे साधं आहे." माझा लॉकर काढून त्या राखाडी गाडीत घातला आणि तिचं साधं डिफरन्शियल मला. माझ्याच पैशाने माझीच गाडी पोखरली.

मग मामांनी बाकीचंही काढलं. स्नॉर्केल फक्त बाहेरून स्क्रूने लावलेला, आत एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेलाच नाही. हे तपासायला दहा सेकंद लागतात, इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर हात दाबून धरा, इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. माझं आरामात चालू होतं. हा घेऊन मी एखाद्या नाल्यात छातीभर पाण्यात उतरलो असतो तर इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉडच वाकला असता, तेही काझाच्या अलीकडे कुठेतरी, बायको-मुलीला घेऊन. टायरवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे 3117, म्हणजे 2017 चा 31 वा आठवडा. पॉलिश मारून चमकवलेले सात वर्षांचे टायर, नवीन म्हणून. कोड आतल्या बाजूला येईल असे बसवलेले, तेव्हा खाली वाकून बघा, लाजू नका. दुसऱ्या बॅटरीच्या वायरला फ्यूजच नाही, कार्पेटखालून तशीच नेलेली. "इम्पोर्टेड" शॉक ॲब्सॉर्बरवरचा स्टिकर नखाने निघाला.

आता पोलीस. पहिल्या वेळी साहेब पालखीच्या बंदोबस्तात. दुसऱ्या वेळी हवालदार म्हणाले, "गाडी परत मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) फसवणुकीचं कलम 318(4) छापून नेलं होतं, त्यांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला. तिसऱ्या वेळी एक जण बाहेर येऊन गाडीभोवती फिरला आणि मलाच विचारतो, "हे सगळं लावलंय त्याला परवानगी आहे का?" अर्ज घेतला, शिक्का दिला, एफआयआर नाही. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला तर म्हणे तुम्ही समोर ओळखीच्या माणसाला पैसे दिलेत, हे सायबर नाही. आरटीओत तीन खिडक्या, तिन्हीकडून चौथ्या खिडकीकडे, आणि तिथे कळलं की 45,000 घेऊन पासिंगचा एक कागदही दाखल केलेला नाही. वर ऐकवलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल आहे, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालत नाहीत, तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. म्हणजे 4,13,500 माझे गेले, लॉकर माझा गेला आणि आरोपी पण मीच. ह्या धंद्यातल्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं की गिऱ्हाईक पोलिसात जायला घाबरणार. म्हणून तर छाती काढून फिरतात. मला फोनवर म्हणाला, "करा ना तक्रार, आधी तुमचीच गाडी जमा होईल."

गाडी द्यायच्या आधी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही ॲक्सल, सगळ्यांच्या नंबरांचे फोटो काढा, डिफरन्शियलच्या बोल्टवर नेलपेंटचा ठिपका लावा म्हणजे कुणी उघडलं तर कळेल, नेलपेंट बायकोची उधार घ्या. मेव्हणा, भाऊ, पार्टनर, कुणाच्याही खात्यावर पैसे टाकू नका. कस्टमचं कारण आलं की बिल ऑफ एंट्रीची (आयात मालाच्या कस्टमच्या कागदाची) कॉपी मागा, फोन कट होतो की नाही बघा.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ई-जागृती पोर्टलवरून होतं, दोन वर्षांच्या आत करावं लागतं. हे मला पोलीस, आरटीओ, कुणीही सांगितलं नाही, मामांच्या भाच्याने सांगितलं. रोख दिलेल्या 45,000 चा पुरावा नाही, ते सोडले. जुना लॉकर शोधून बसवायला 61,000 गेले, त्याची मात्र पक्की पावती घेतली. जूनची रजा संपली, मुलगी हॉस्टेलला गेली, पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तुमच्यापैकी कुणी अलीकडे राखाडी थार घेतली असेल आणि विकणाऱ्याने "रिअर लॉकर नुकताच चेक केलाय" असं सांगितलं असेल, तर प्लीज मेसेज करा.