पाण्यावर गाडी: आठ महिने किट वापरल्यावरचा हिशोब

पोळा झाल्याबरोबर आमच्या जुन्या ओम्नीले (796 सीसी, पेट्रोल) ही पाण्याची किट बसवली, आता मे लागला. साडेनऊ हजार गेले, मिस्त्रीची मजुरी वेगळी. गावातले पोट्टे अजून विचारतात, भाऊ पाण्यावर चालते का, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सामान साधंच आहे. स्टीलच्या 7 प्लेटा, मधात रबरी गॅस्केट, आत बॅटरीत टाकाचं डिस्टिल्ड पाणी आन् कॉस्टिक पोटॅश (कातडी जाळणारा तेज क्षार). करंट दिला का पाण्यातला हायड्रोजन आन् ऑक्सिजन सुटा होते आणि नळीनं इंजिनच्या हवेत जाते. (पऱ्हाटीले देतो ते खताचं पोटॅश नका टाकू बाप्पा कोणी, त्यातून क्लोरीन निघते.)

पहिल्या महिन्यात मी लय खुश. 14 चं अ‍ॅव्हरेज 15.4 वर गेलं, सगळ्या बाजारात सांगत फिरलो. मंग ध्यानात आलं का किटसोबत डॅशबोर्डवर अँपिअर मीटर बसवलं होतं, त्याच्याकडं पाहत पाहत मी गाडी 50 च्या वर नेतच नव्हतो! संक्रांतीनंतर महिनाभर फ्यूज काढून ठेवला आन् तशीच हळू चालवली, तर 15.7. म्हणजे किट बंद असली तर जास्त.

काहून, ते पोराच्या बारावीच्या पुस्तकातून समजलं. घमेल्यात बाटली उलटी धरून गॅस मोजला, 15 अँपिअरवर लिटरभर गॅस भराले 70 सेकंद लागले. इंजिन जोरात असलं तर मिनिटाले हजारेक लिटर हवा ओढते, त्यात हा एक लिटर. अन् तो काढाले डायनामोवर 200 वॅटचा लोड, गॅस जळून परत भेटते त्याच्या निम्म्याच्या आसपास. डायनामो फिरवते कोण, तर तेच पेट्रोल. आपल्याच विहिरीतलं पाणी उपसून आपल्याच विहिरीत सोडाचं, वरून मोटारीचं बिल भराचं. तिकडं अमेरिकेत स्टॅनली मेयर नावाचा माणूस पाण्यावर गाडी चालवतो म्हणत होता, त्याले 1996 मध्ये ओहायोच्या कोर्टानं फसवणूक ठरवून लोकाईचे पैसे वापस कराले लावले, हे मी किट घेतल्यावर वाचलं, आधी वाचलं असतं तर...

एप्रिलच्या उन्हात तर हालच. पाणी तापून फेस आला, प्लेटांचा तपकिरी गाळ सुटला, डबा उघडला तर बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली, मले वाटलं काही नाई, अन् दोन मिनिटानं अशी आग का हापशीखाली पंधरा मिनिटं हात धरून बसलो. बबलरचं (गॅस इंजिनकडं जाच्या आधी ज्या पाण्याच्या बाटलीतून जाते तिचं) झाकण एकदा फटाक्यासारखं उडालं ते वेगळंच, नशीब इंजिनवरची सीट बंद होती.

विकणाऱ्याले फोन लावला तर म्हणे डायनामो कमजोर आहे तुमचा, दोन हजाराची चिप घ्या. घेतली नाई. गेल्या रविवारी किट काढून टाकली, अँपिअर मीटर तेवढं ठेवलं, डायनामो चार्ज करून राह्यला का नाई ते दिसते त्यात.