नेरूळच्या रस्त्यांवर २०० मिलिमीटर चाकांची किक स्कूटर

घरापासून रेल्वे स्थानकापर्यंतचे एक-दीड किलोमीटरचे अंतर रिक्षासाठी कमी आणि सकाळच्या घाईत पायी जाण्यासाठी जास्त असते. नेमक्या याच अंतरासाठी मोठ्या माणसांची, घडी घालता येणारी, मोटर किंवा बॅटरी नसलेली किक स्कूटर मी नवी मुंबईतील नेरूळमध्ये रोज वापरतो. सेक्टरांमधील अंतर्गत डांबरी रस्त्यांवर ती फार समाधान देते. चढ जवळजवळ नसल्यामुळे पायाने दिलेला एक जोर बराच वेळ पुरतो आणि कार्यालयात पोहोचेपर्यंत सदरा घामाने भिजत नाही.

पदपथांवरील पेव्हर ब्लॉक मात्र तिची खरी परीक्षा घेतात. २०० मिलिमीटरची चाके ब्लॉकांमधल्या फटी ओलांडतात. लहान मुलांच्या स्कूटरची चाके तिथेच अडखळतात. तरीही चाके भरीव पॉलियुरेथेनची (एक प्रकारच्या टणक प्लास्टिकची) असल्याने प्रत्येक फट मनगटापर्यंत जाणवते. यावर उपाय म्हणून विक्रेते स्प्रिंग असलेले महागडे मॉडेल सुचवतात, पण स्प्रिंगमुळे वजन वाढते आणि पायाचा थोडा जोर तिच्यातच मुरतो. त्यापेक्षा उभे राहण्याची फळी जमिनीपासून किती उंच आहे हे पाहावे, असे माझे मत आहे. फळी जितकी उंच, तितका प्रत्येक ढकलीला उभ्या पायाचा गुडघा अधिक वाकतो आणि थकवाही लवकर येतो. माझ्या स्कूटरची फळी खाली आहे, त्यामुळे गतिरोधकावर ती कधीकधी घासते. तो सौदा मला मान्य आहे. पाय अधूनमधून बदलण्याची सवय मात्र सुरुवातीपासूनच लावून घ्यावी, नाहीतर एकाच मांडीवर सगळा भार येतो.

देखभालीचा मुख्य विषय म्हणजे बेअरिंग. चाक फिरताना खरखर ऐकू येऊ लागल्यावर मी विक्रेत्याकडे विचारणा केली, तेव्हा संपूर्ण चाकच बदलावे लागेल असे उत्तर मिळाले, आणि ते मला मुळीच पटले नाही. आतील बेअरिंग ६०८ क्रमांकाचे, म्हणजे ८ मिलिमीटर छिद्राचे आणि २२ मिलिमीटर बाह्य व्यासाचे असते. स्केटिंगच्या चाकांतही हेच वापरतात आणि ते बेअरिंगच्या साध्या दुकानात मिळते. खाडीकाठच्या दमट हवेत गंज लवकर धरतो, म्हणून रबरी सील असलेले घेणे श्रेयस्कर. जुनेच वापरायचे असेल तर टाचणीने सील अलगद उचलावे, बेअरिंग रॉकेलमध्ये खळखळून धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि मगच शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. न धुता वरून तेल ओतले, तर धूळ तेलासोबत आत जाऊन बसते. दोन बेअरिंगांच्या मधली छोटी नळी परत बसवायला विसरू नये. ती नसेल तर बोल्ट आवळताच बेअरिंगवर बाजूने दाब येतो आणि चाक जड फिरते.

ब्रेक म्हणजे मागच्या चाकावरचे मडगार्ड पायाने दाबणे, एवढीच व्यवस्था. ती मंद वेगाला पुरेशी आहे, पण तिच्यामुळे मागचे चाक अधिक झिजते, म्हणून पुढचे आणि मागचे चाक अधूनमधून आपापसांत बदलावे. पावसाळ्यात मात्र ही स्कूटर बाहेर काढूच नये, कारण ओल्या चाकावर मडगार्डची पकड उरत नाही आणि झेब्रा क्रॉसिंगच्या रंगलेल्या पट्ट्यांवर चाक सरळ घसरते.

घडी घालण्याचा खटका चांगला आहे, पण कालांतराने हँडल किंचित डुलू लागते. अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) संबंधित बोल्ट आवळला की ते थांबते. घडी घातलेली स्कूटर खांद्याला अडकवून जिना चढता येतो. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये ती नेणे मात्र सहप्रवाशांच्या पोटऱ्यांवर अन्याय आहे. ज्यांचा रोजचा प्रवास स्थानकाशी संपत नाही आणि कार्यालयाच्या टोकालाही तिची गरज आहे, त्यांनी आपली गाडी किती वाजताची आहे हे पाहूनच खरेदीचा निर्णय घ्यावा.