पहिला एअरब्रश : नऊ महिने वापरल्यावर

मॉडेल रेल्वेसाठी पहिला एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारा ब्रश, घेताना मी सगळ्यात जास्त काथ्याकूट केला तो त्यातल्या रंग सोडणाऱ्या सुईच्या मापावर. माझी रेल्वे एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या १:८७, त्यात मालगाडीची चाळीस फुटी वाघिणही जेमतेम १४ सेंटिमीटरची. एवढ्याशा वस्तूला ०.२ मिमीचीच सुई हवी, असं मनात पक्कं होतं. तेव्हा ती मिळाली नाही, म्हणून ०.३ मिमीचा, वर रंगाचा कप असलेला ड्युअल ॲक्शन (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही वेगवेगळे सांभाळणारा) ब्रश घेतला. आज तीन इंजिनं आणि वीसेक वाघिणी रंगवून झाल्यावर कुणी विचारलं, तर मी ०.३ किंवा ०.३५ च घ्या म्हणून सांगेन.

गाडी मळवणं, म्हणजे ती वापरून जुनी झाल्यासारखी दाखवणं, हे बारीक रेघांचं काम नाहीच. ब्रेकचे ठोकळे झिजून उडालेली तांबूस भुकटी, छपरावर बसलेली काजळी, उन्हाने विटलेली बाजू, यांपैकी कशालाही कडा नसते. त्यासाठी मऊ, पसरट फवारा लागतो आणि तो ०.३ मधून आरामात येतो. मित्राचा ०.२ चा ब्रश नंतर हाताळून पाहिला. रेघ सुंदर येते, पण ॲक्रिलिक रंग त्यात दर दोन मिनिटांनी सुकून बसतो आणि प्रायमरचं, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचं, तर नावच काढू नये.

नुसता एकसारखा रंग द्यायचा असेल तर खटक्याने फक्त हवा सुरू-बंद करणारा सिंगल ॲक्शनही चांगला. पाशे कंपनीच्या ‘एच’ या सिंगल ॲक्शन ब्रशमध्ये रंग आणि हवा ब्रशच्या तोंडाबाहेर एकत्र येतात, त्यामुळे तो धुवायला फार सुटसुटीत. पण मळवताना एकाच हालचालीत रंग कमी-जास्त करावा लागतो, आणि तिथे ड्युअल ॲक्शनला पर्याय नाही. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. हाताला वळण लागायला मला दोन आठवडे लागले. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, हवा सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की सुईच्या टोकावर थेंब राहतो आणि पुढच्या दाबाला तो तयार झालेल्या वाघिणीवर जाऊन बसतो. माझी एक तपकिरी वाघिण अशी पुन्हा रंगवावी लागली.

ब्रशइतकाच विचार कॉम्प्रेसरचा करा. गॅसच्या डब्यावर सुरुवात करू नका : गॅस बाहेर पडताना डबा गार होत जातो आणि दाब ऐन कामात खाली येतो. टाकीवाला कॉम्प्रेसर घ्या, म्हणजे हवा धक्के न देता येते. दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि पाणी पकडणारा फिल्टर हवाच. दमट दिवसांत पाइपातून पाण्याचा थेंब आला की ओल्या रंगावर गोल डाग पडतो, तो पुसून जात नाही. मी बहुतेक काम १५ ते २० पीएसआय (दाबाचं एकक) वर करतो. रंग दुधाइतका पातळ हवा. कपाच्या भिंतीवर ओघळ सोडला की मागे पातळ पापुद्रा राहिला पाहिजे.

चौथ्या महिन्यात सुई काढताना तिचं टोक नळाला लागलं. डोळ्यांना काहीच दिसेना, पण फवारा डावीकडे झुकायला लागला. सुई काचेवर ठेवून बोटाने फिरवली तेव्हा टोक थरथरताना दिसलं. नवी सुई सहज मिळाली म्हणून निभावलं. त्यामुळे घेण्याआधीच सुई आणि नोझल सुटे मिळतात का, ते बघा. माझं नोझल आट्याचं आहे, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि ते पाना लावून आवळताना अजूनही हात जपून चालतो. पुन्हा घ्यायचा झाला तर आट्यांशिवाय नुसतं आत बसणारं नोझल असलेलाच ब्रश घेईन.

सगळ्यात समाधान दिलं ते वाफेच्या इंजिनाच्या चाकांनी. पहिल्या इंजिनाची चाकं उभी ठेवूनच फवारली होती. नंतर चाकं फिरली तेव्हा दांड्यांच्या मागे लपलेले स्वच्छ पट्टे समोर आले. आता इंजिन जागच्या जागी चाकं फिरू देणाऱ्या रोलरवर ठेवतो, वीज देऊन चाकं सावकाश फिरती ठेवतो आणि दहा-बारा सेंटिमीटरवरून तपकिरीत थोडा काळा मिसळून हलके हलके थर देतो. दांड्या, आरे, चाकांमागची चौकट, सगळीकडे एकसारखी धूळ बसते. रंग कडक होण्याआधी चाकांची रुळावर टेकणारी कड थिनरच्या बोळ्याने पुसायची, नाहीतर रुळातून वीज घेणं बंद होतं.

धुण्याला प्रत्येक वेळी दहा मिनिटं जातातच, ती धरूनच बसावं. पाण्यातले रंग असले तरी सूक्ष्म कण अडवणारा मास्क लावतो आणि फवाऱ्याची हवा पंख्याने खिडकीबाहेर सोडतो. पावसाचे ओघळ आणि रिव्हेटांभोवतीचा गंज मात्र अजून साध्या कुंचल्यानेच काढतो. ते काम एअरब्रशकडून करून घ्यायची मला गरज वाटलेली नाही.