नाशिकच्या उन्हापावसात जलरंगाची वही: पैसे कुठे घालावेत

जलरंगाच्या वहीसाठी शंभर रुपये खर्चायचे असतील तर त्यातले साठ कागदावर जावेत, पंचवीस रंगांवर आणि उरलेले पंधरा ब्रशवर. दुकानात मात्र नेमकं उलटं होतं. चोवीस ट्यूबांचा डबा बघून माणूस हरखतो, बारा ब्रशांचं पाकीट घेतो आणि वहीची पाळी आली की हाताला लागेल ती पिशवीत टाकतो. मग गोदाघाटावर पहिला वॉश (पाणीदार रंगाचा पसरट हात) पडला की पान पापडासारखं वाकतं आणि दोष रंगांच्या माथी जातो.

म्हणून आधी कागद. आपल्याकडे बहुतेकांची चित्रकलेशी ओळख एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमधून होते आणि तिथला कागद म्हणजे कार्ट्रिज. पेन्सिलला तो उत्तम, घट्ट पोस्टर कलरलाही चालतो. जलरंगाला चालत नाही, कारण पाणी लगेच आत शिरतं, रंग जिथे टेकला तिथेच बसतो आणि मग ब्रशने कितीही फिरवला तरी कड राहतेच. वही घेताना कव्हरवर दोन गोष्टी शोधायच्या: वजन (जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅम) आणि कॉटनचं प्रमाण. १५० जीएसएमवर एखादा पातळ हात मारता येतो. २०० जीएसएमला चारही बाजूंनी क्लिपा लावल्या तर काम होतं. मोकळेपणाने पाणी वापरायचं तर ३०० जीएसएमच हवं.

पण नुसत्या वजनाला भुलू नये. लाकडाच्या लगद्याचा ३०० जीएसएम आणि सुती ३०० जीएसएम हातात घेतले तर सारखेच जाड लागतात. फरक पाणी पडल्यावर कळतो. लगद्याच्या कागदावर रंग वरच्यावर बसतो. दुसरा हात दिला की खालचा रंग उठतो आणि दोन्ही मळतात. ब्रश चारदा घासला तर कागदाचा भुसा निघतो. सुती कागद पाणी धरून ठेवतो, रंग आत मुरतो आणि सुकल्यावर त्यावर तिसरा-चौथा हातसुद्धा स्वच्छ बसतो.

नाशिकच्या हवेत हा फरक दुपटीने जाणवतो. एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसून आकाशाचा वॉश टाकून पाहावा. लगद्याच्या कागदावर हात निम्म्या पानापर्यंत येईतो वरची पट्टी मॅट झालेली असते. ती सुधारायला भरलेला ब्रश परत वर नेला की नवं पाणी अर्धवट सुकलेल्या रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखी दातेरी कड उमटते. ती नंतर पुसून जात नाही. सुती कागदावर तेवढ्याच उन्हात थोडी जास्त सवड मिळते. कागद कोणताही असला तरी वहीखाली काहीतरी ठेवून वरची बाजू दोन-तीन बोटं उचलावी, म्हणजे प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ साठून राहतो आणि पुढची पट्टी त्याच ओघळातून ओढता येते. शेवटच्या ओळीतला जादा रंग पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावा. तो राहिला तर उलटा वर चढतो.

वाळणं लांबवायला पाण्यात ग्लिसरीन घालतात. पेलाभर पाण्याला दोन थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त झालं तर रंग चिकट राहतो आणि जुलैत समोरासमोरची पानं एकमेकांना धरून बसतात.

तयार वह्यांमध्ये मोलस्किनची जलरंग वही २०० जीएसएमची आहे, कॉटन २५ टक्के. शाईच्या रेषेवर दोन-तीन हलके हात द्यायचे, बाजारातली गर्दी पटकन टिपायची, तर ती छान. हानेम्युलेची साधी जलरंग वहीही २०० जीएसएमची, आणि त्यांची पूर्ण सुती वही २५० जीएसएमची. दोन्हींत निवड करायची तर जादा पैसे देऊन सुतीच घ्यावी. ब्रुस्ट्रोचा २५ टक्के कॉटनचा ३०० जीएसएम कागद सरावासाठी खिशाला परवडतो आणि ओल्यावर फारसा वाकत नाही. शिकणाऱ्याने एक वही या कागदाची भरावी आणि मग सुतीकडे वळावं.

आमची पहिली पसंती मात्र बांधून घेतलेल्या वहीला. २२ × ३० इंची, ३०० जीएसएमचा पूर्ण सुती, कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत) कागदाचा एक ताव घ्यावा. आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) पाहावी. ज्या दिशेला कागद सहज वाकतो तिला समांतर घडी पडली पाहिजे. ग्रेन ३० इंचांच्या बाजूने असेल तर ११ × ७.५ इंचांचे आठ तुकडे निघतात. प्रत्येकाची ११ इंचांच्या मध्यावर घडी घातली की ५.५ × ७.५ इंचांची उभी वही होते. ग्रेन २२ इंचांच्या बाजूने असेल तर १५ × ५.५ इंचांचे आठ तुकडे करून तेवढ्याच मापाची आडवी वही करावी. घाटाच्या लांबलचक पायऱ्यांना ती तर जास्तच सोयीची. कसंही केलं तरी सोळा पानं, म्हणजे बत्तीस पृष्ठं. ग्रेनच्या विरुद्ध घडी घातली तर पाठीवर कागद तडकतो आणि वही कधीच सपाट उघडत नाही.

दोन-दोन तुकडे एकात एक घालून चार जुडग्या कराव्यात आणि रजिस्टरं बांधणाऱ्या बाइंडरकडे न्याव्यात. त्याला चार गोष्टी बजावून सांगायच्या: शिलाई दोऱ्याची हवी, पिना नकोत (ओल लागून गंजतात आणि पानावर तांबडा डाग उतरतो); प्रत्येक दोन जुडग्यांमध्ये बोटभर रुंदीची कागदाची पट्टी शिवायची, कारण रंगवलेली पानं फुगतात आणि पट्टी नसेल तर वही पंख्यासारखी उघडी राहते; पाठीला खळ आणि कापड, जाड फेव्हिकॉलचा थर नको; आणि कडा मशिनवर कापायच्या नाहीत. शेवटची गोष्ट बाइंडर हमखास विसरतात. सवयीने वही कटिंगला जाते आणि महागड्या कागदाची अर्धा इंच किनार भुशात पडते.

कागद साठवून ठेवताना एक धोका लक्षात असू द्यावा. जलरंगाच्या कागदाला जिलेटिन किंवा तशाच पदार्थाचा साइझ (एक प्रकारची खळ) दिलेला असतो. त्यामुळेच पाणी काही वेळ वर तरंगतं. दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाचा साइझ जागोजागी मरतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण वॉश टाकला की टिपकागदासारखे गडद ठिपके उमटतात. त्यावर इलाज नाही. ताव घेताना कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकू द्यायला दुकानदाराला सांगावं. थेंब मण्यासारखा राहिला तर कागद जिवंत आहे; लगेच पसरून आत गेला तर पावसाळा काढलेला जुना माल आहे. घरी जूनच्या आधीच ताव प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून भिंतीपासून दूर, आडवे ठेवावेत.

रंग आठ पुरेत: अल्ट्रामरीन (निळा), थॅलो ब्लू, येलो ऑकर, एक लिंबूछटा पिवळा, एक झेंडूचा पिवळा, क्विनाक्रिडोन रोज (गुलाबी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). नावांपेक्षा ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, प्रकाशात उडतो; बंद वहीत निभतो, पण चित्र कापून भिंतीवर लावलं की गुलाबी छटा निघून जाते. एका ट्यूबवर तीन-तीन क्रमांक असतील तर तो आधीच मिसळलेला रंग आहे. तो आणखी दोघांत मिसळला की चिखल होतो.

आठांमधली खरी कमाल दोन रंगांची, आणि नाशिकमध्ये तर ती जोडी नसेल तर बसूच नये. नारोशंकराचं देऊळ, काळाराम, घाटाच्या भिंती, सगळा काळा पाषाण. ट्यूबमधला काळा तिथे वापरला की देऊळ कोळशाचं दिसतं. दोन भाग अल्ट्रामरीन आणि एक भाग बर्न्ट सिएना, भरपूर पाण्यात, पॅलेटवर पूर्ण न घोटता कोल्ड प्रेस कागदावर ठेवावं आणि हात काढून घ्यावा. वॉश चमकत असतो तोवर तो एकसंध करडा दिसतो. चमक उतरू लागते तशी अल्ट्रामरीनचे जड कण कागदाच्या खळग्यांत बसायला लागतात, सिएना उंचवट्यांवर पातळ पसरून राहतो. सुकल्यावर निळसर दाण्यांमधून तांबूस झाक दिसते, सावलीतल्या बेसॉल्टच्या सच्छिद्र अंगासारखी. सुकताना मध्येच ब्रश लावला की सगळे दाणे विस्कटतात. गुळगुळीत हॉट प्रेस कागदाला खळगेच नसतात, त्यामुळे तिथे असं होत नाही. उन्हातली बाजू याच जोडीची, फक्त प्रमाण उलटं आणि पाणी दुप्पट.

हिरव्याची ट्यूब नसली तरी अडत नाही. थॅलो ब्लू आणि लिंबूछटा पिवळ्यात चिमूटभर बर्न्ट सिएना घातला की श्रावणातल्या अंजनेरीचा हिरवा मिळतो. सिएना विसरला तर प्लास्टिकचं गवत होतं. पुराची गोदावरी येलो ऑकर आणि बर्न्ट अंबरमध्ये. तांबट आळीतली भांडी झेंडूचा पिवळा आणि सिएनात, चमकेच्या जागी कोरा कागद सोडून. पांढऱ्या रंगाने ती चमक येत नाही.

कोणते घ्यावेत? कॅम्लिन हा दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेला आपला मराठी उद्योग, आता जपानच्या कोकुयो कंपनीकडे. कॅम्लिनच्या आर्टिस्ट मालिकेतले अल्ट्रामरीन, सिएना, अंबर आणि ऑकर वहीच्या कामाला पुरेसे आहेत. या रंगांसाठी परदेशी मालाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. जादा पैसे घालायचेच तर क्विनाक्रिडोन आणि थॅलोवर घालावेत. विन्सर अँड न्यूटनचे कॉटमन हे विद्यार्थी श्रेणीतले आहेत. हाफ पॅनचा, म्हणजे सुका रंग भरलेल्या इवल्या वाट्यांचा, छोटा डबा खिशात मावतो हा त्यांचा मोठा गुण. विद्यार्थी श्रेणीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, म्हणून गडद छटेला दोनदा हात द्यावा लागतो. पोस्टर कलरचे डबे जलरंगांशेजारीच मांडलेले असतात. ते अपारदर्शक, इथे उपयोगाचे नाहीत.

ट्यूब घेऊन रिकामे हाफ पॅन भरणं सगळ्यांत स्वस्त. ५ मिलीच्या ट्यूबमध्ये दोन हाफ पॅन आरामात भरतात. एकदम काठोकाठ भरू नये. निम्मा भरून टूथपिकने ढवळावा म्हणजे हवेचे बुडबुडे फुटतात, दोन दिवस सुकू द्यावा, मग वरचा थर. घाई केली तर वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि रंग आकसून भेगा पडतात. सुटलेला तुकडा डिंकाच्या पाण्याच्या थेंबाने परत चिकटतो. भरायचं काम मार्च-एप्रिलात उरकावं. पावसाळ्यात चार-पाच दिवस लागतात आणि बुरशी धरते. जुलै ते सप्टेंबर डबा ओला असताना कधीही मिटू नये, रात्रभर उघडा ठेवावा.

ब्रश दोनच: १० नंबरचा गोल सिंथेटिक आणि बारीक कामाला ४. कॅम्लिनची ६६ मालिका यासाठी चांगली. दुकानात ब्रशची नोक गोंदाने बसवलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. पेलाभर पाणी मागून गोंद धुवावा, ब्रश एकदा झटकावा. केस आपोआप एका टोकाला आले तर घ्यावा, दोन फाटे पडले तर परत ठेवावा. पाण्यात उभा ठेवलेला ब्रश तासाभरात वाकतो आणि दांड्याचं लाकूड फुगून पत्रा ढिला होतो. वाकलेली सिंथेटिक नोक गरम पाण्यात काही सेकंद धरली की बरीचशी सरळ होते. खारीच्या केसांचा मॉप (जाडजूड गोल ब्रश) पाणी खूप धरतो, पण साडेपाच इंचांच्या पानावर त्याने पूर येतो. दांड्यातच पाणी भरलेला वॉटर ब्रश बुधवारच्या बाजारात उभ्याने काम करायला ठीक. मोठा वॉश त्याने सपाट येत नाही, कारण पाणी सतत झिरपत राहतं.

रेषेसाठी पिग्मा मायक्रॉन किंवा युनि पिन ही पाण्यात न पसरणाऱ्या शाईची पेनं, ०.३ टोकाची. रेष मारल्यावर मिनिटभर थांबूनच पाणी लावावं. साधी जेल पेनं आणि बहुतेक फाउंटन पेनची शाई पाण्यात पसरते. खडबडीत कागदावर ही टोकं लवकर झिजतात, तेव्हा नवं पेन नेहमी जवळ असू द्यावं.

पाण्याची भांडी दोन, एक धुवायला, एक स्वच्छ. पाणी घरून न्यावं. बोअरच्या जड पाण्याने अल्ट्रामरीनचे दाणे जास्तच जाड दिसतात. टिशूपेक्षा जुन्या सुती साडीचं फडकं बरं. बसायला सावली शोधावी: पानावर थेट ऊन असेल तर कागद डोळ्यांत जातो, रंग फिका वाटतो, आपण गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. सावलीत रंगवतानाही छटा हवी त्याहून थोडी गडदच ठेवावी, कारण जलरंग सुकला की फिकटतो. घाटावर सकाळी सात ते नऊ ही वेळ सोन्यासारखी. सावल्या लांब असतात, पायऱ्या ओल्या असतात आणि कागदही तेवढा वेळ ओला राहतो. वही मिटण्याआधी पानावर हाताची मागची बाजू टेकवावी. गार लागलं तर आत अजून ओल आहे; मध्ये बटर पेपर घालूनच मिटावी.