डबल बॅटरीच्या नावाखाली हॉर्नचा रिले

गाडीत दुसरी बॅटरी बसवून घेत असाल आणि दुकानदार डॅशबोर्डवरच्या हिरव्या आकड्यांकडे बोट दाखवून "बघा सर, १३.२, एकदम फुल्ल!" म्हणत असेल, तर उरलेले पैसे देण्याआधी हे वाचा. त्याच हिरव्या आकड्यावर माझ्याकडून ६२ हजार रुपये काढले गेले. दुकान पुण्यातलं आहे. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. पण चार्जर म्हणून मला बसवून दिलेला हुबेहूब तोच डबा नंतर एका ओळखीच्या माणसाच्या गाडीत पाहिला, आणि त्याने तो वेगळ्याच दुकानातून घेतला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

थार, जिम्नी, गुरखा, गाडी कुठलीही असो, प्रश्न तोच. पुढची बॅटरी स्टार्टर फिरवायला असते. काही सेकंद दणकून करंट द्यायचा आणि अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरकडून) लगेच भरून घ्यायचा, एवढंच तिचं काम. रात्रभर फ्रिज, टेंटमधला पंखा आणि दिवे ओढायला ती बनवलेलीच नाही. म्हणून मागे दुसरी बॅटरी ठेवतात, आणि दोघींच्या मध्ये असं काहीतरी बसवतात की इंजिन चालू असताना मागची चार्ज होईल आणि इंजिन बंद झालं की दोघी एकमेकींपासून पूर्ण तुटतील. हे तुटणं महत्त्वाचं. मागची संपली तरी सकाळी गाडी सुरू झालीच पाहिजे, नाहीतर डबल बॅटरीचा खर्च कशासाठी?

मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कोटेशन असं होतं: १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरी किती साठवते त्याचं माप) लिथियम बॅटरी, २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, २५ स्क्वेअर एमएमची कॉपर केबल, दोन्ही टोकांना फ्यूज, वर डिजिटल व्होल्टमीटर. कागदावर उत्तमच. डीसी-डीसी चार्जर मी आग्रहाने मागितला होता, त्याला कारण आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कंप्युटरच्या, हुकमाने चालतो. पुढची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो, आणि १४.२ ते १४.६ लागणाऱ्या लिथियमला मग तेवढं मिळतच नाही. उलट लिथियम रिकामी असेल तर ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. डीसी-डीसी चार्जर मध्ये बसून व्होल्टेज वर नेतो आणि करंट ठरलेल्या मर्यादेत ठेवतो. सगळ्या सेटअपमधली खरी महाग वस्तू हीच.

फिटिंग झालं तेव्हा दिसायला सगळं चकाचक होतं. फिन्स असलेला काळा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्यावर लाल-हिरवे-निळे दिवे, स्क्रूवर 'उघडल्यास वॉरंटी रद्द'चा स्टिकर. हातात धरला तर वजनदार. इंजिन सुरू केलं की व्होल्टमीटर १४ च्या पुढे, बंद केलं की १३.२.

दिवाळीनंतर कुटुंबासह दापोलीला गेलो. ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असा पाच-सहा तासांचा रस्ता. २५ अँपिअरच्या चार्जरने एवढ्या वेळात १०० एएचची बॅटरी अगदी रिकामी असती तरी काठोकाठ भरली असती. संध्याकाळी हर्णै बंदरावरच्या लिलावातून सुरमई आणि कोळंबी घेतली, फ्रिजमध्ये टाकली आणि आंजर्ल्याच्या बाजूला ओळखीच्यांच्या वाडीत टेंट लावला. व्होल्टमीटर १३.२. पहाटे उठून बघतो तर फ्रिजच्या पॅनलवर एररचा कोड आणि आत कोमट पाणी. चावी फिरवली तर बोनेटमधून नुसतं कट-कट-कट. सुरमईचं जाऊ द्या, पण पुढची बॅटरीसुद्धा मेली होती. दोन्ही एकदम.

वाडीवाल्यांच्या पिकअपवरून जंपर लावून गाडी सुरू केली आणि दापोलीत एका जुन्या वायरमन काकांकडे नेली. त्यांच्या टपरीत बसायला टायर आणि टेबलाला लाकडी खोकं, पण कमरेला डीसी करंट मोजणारा टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) होता. बाजारात मिळणारे स्वस्त टाँग टेस्टर फक्त घरातला एसी करंट मोजतात, गाडीत त्यांचा काडीचा उपयोग नाही. काकांनी पुढून मागे जाणाऱ्या केबलला तो लावला आणि मला ॲक्सिलेटर द्यायला सांगितलं. आकडा उसळून ३८ वर गेला. पाय काढला, १९. परत दिला, ३५.

"दादा, चार्जर असता ना, तर पंचवीसला अडकला असता. ह्याला लगामच नाय."

मग गाडी बंद करायला लावली आणि चावी काढून हातात घेतली. त्या केबलमध्ये आता शून्य दिसायला हवं होतं. टेस्टरवर अडीच अँपिअर, आणि उलट्या दिशेने: मागची बॅटरी पुढच्या अर्धमेल्या बॅटरीला पाजत होती. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र दिमाखात चालू.

स्टिकर फाडून डबा उघडला. आत चार पिनांचा साधा रिले, म्हणजे कॉइलला करंट मिळाला की जोडला जाणारा स्विच, हॉर्नला किंवा हेडलाइटला लावतात तो, ४० अँपिअरचा. त्याच्या बुडाचं प्लास्टिक पिवळं पडून एका बाजूला वितळलेलं. दिवे लावणारा एक छोटा सर्किट बोर्ड, ज्याचा चार्जिंगशी काहीही संबंध नाही. आणि तळाला एम-सीलने चिकटवलेली लोखंडाची पट्टी, वजन यावं म्हणून. मला सगळ्यात जास्त चीड त्या पट्टीची आली. रिले स्वस्तात बसवणं ही चालबाजी झाली, पण पट्टी कापून, घासून, चिकटवायला बसलेला माणूस काय करतोय हे त्याला पक्कं माहीत असतं.

वर रिलेची कॉइल इग्निशनच्या वायरला जोडायचा आळस करून फिटरने ती कायम सप्लाय असलेल्या फ्यूजवर मारली होती. म्हणजे रिले चोवीस तास ओढलेला आणि दोन्ही बॅटऱ्या कायम एकत्र. असा रिले स्वतःच साधारण ०.१५ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला साडेतीन एएच. गाडी दोन आठवडे नुसती उभी राहिली तरी पन्नासेक एएच गेले. मधल्या काळात मी "स्टार्टिंगला जड जातेय" म्हणून त्याच दुकानात गेलो होतो, तेव्हा मला नवी पुढची बॅटरी विकायचाही प्रयत्न झाला होता. त्याचा अर्थ आता लागला.

केबलचीही तीच कथा. रबर जाडजूड, आत तार बारीक. काकांनी ब्लेडने एक तार खरवडली तर वरचा तांबूस मुलामा निघून आत पांढरी: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचं पाणी. कलई केलेली अस्सल तांब्याची तारही वरून पांढरी दिसते, पण खरवडली की आत लाल निघते. इथे नेमकं उलटं होतं. २५ स्क्वेअर एमएमच्या खऱ्या तांब्याच्या पाच मीटर केबलमध्ये २५ अँपिअरला ०.१ व्होल्टसुद्धा पडत नाही. या असल्या बारीक केबलमध्ये चौपट पडतो, आणि तेवढी उष्णता बोनेटपासून डिकीपर्यंत कार्पेटखाली फिरते. फ्यूज फक्त मागच्या टोकाला होता. पुढच्या टोकाला, जिथे केबल इंजिनजवळून पत्र्याच्या भोकातून आत शिरते, तिथे काहीच नाही. तिथे रबर घासलं गेलं असतं तर ती केबल थेट वेल्डिंगची कांडी झाली असती.

पुण्याला येऊन दुकानात गेलो. आधी, "सर, लिथियमला दोन-चार सायकल लागतात सेट व्हायला." लिथियमला असलं काही लागत नाही. मग, "फ्रिज जास्त थंडवर ठेवला असेल." मग डबा उघडून दाखवला, तेव्हा "उघडलात ना, वॉरंटी गेली."

राहिली बॅटरी. घरी ती ठरलेल्या चार्जरने १४.४ पर्यंत पूर्ण भरली आणि तिला हेडलाइटचा ५५ वॅटचा एच-४ बल्ब जोडून ठेवला. (बल्ब भयंकर तापतो, फरशीवर ठेवा, कागद-कापड लांब.) असा बल्ब साधारण साडेचार-पाच अँपिअर खातो, तेव्हा खऱ्या १०० एएचवर तो वीस तास तरी जळायला हवा. आठ तासांनंतर थोड्या वेळातच अंधार. पुढे ई-रिक्षाचे पॅक बांधणाऱ्या एका कारागिराकडून खोकं उघडून घेतलं. हे घरी करू नका, शॉर्ट झालं तर हात जळेल. आत ६ एएचचे गोल सेल होते, चारचारच्या सात ओळी, एकूण २८. एका ओळीचे सहाच एएच, म्हणजे नवे असते तरी सात ओळींचे ४२ एएच. शंभराला ६८ लागले असते. बाकी जागेत थर्माकोल.

आता त्या हिरव्या आकड्याबद्दल, कारण सगळी फसवणूक त्याच्या जोरावर उभी होती. आपल्या डोक्यात जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं गणित बसलेलं असतं: १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी. तिथे व्होल्टमीटर बऱ्यापैकी खरं बोलतो. अशा सेटअपमधल्या लिथियम बॅटरीचं, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचं, तसं नाही. ती साधारण ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत १३.३ ते १३.० च्या मध्येच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. म्हणजे १३.२ हा आकडा भरलेल्या बॅटरीवर दिसतो तसाच निम्म्या बॅटरीवरही दिसतो, आणि १०० एएचवर दिसतो तसाच ४२ एएचवरही. दुकानदाराला हे ठाऊक असतं. आत किती शिल्लक आहे हे कळायला शंट लावून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मॉनिटरच लागतो.

तेव्हा डिलिव्हरी घेताना दुकानातच डीसी टाँग टेस्टर मागा, नसेल तर स्वतःचा घेऊन जा. इंजिन चालू ठेवून ॲक्सिलेटर कमी-जास्त करा. चार्जर खरा असेल आणि बॅटरी थोडी रिकामी असेल, तर करंट ठरलेल्या आकड्याजवळ स्थिर राहतो. गाडी बंद करून चावी काढली की थोड्या वेळात मधल्या केबलमध्ये जवळजवळ शून्य आलं पाहिजे. केबलचा उरलेला तुकडा मागून घ्या आणि खरवडा. बॅटरी वजनकाट्यावर ठेवा: १०० एएचची लिथियम साधारण १० ते १३ किलो भरते, माझी सहाच्या आत होती. हे माप अर्धवट आहे, कारण पट्टी चिकटवणारा माणूस वीटही ठेवू शकतो. खरी परीक्षा बल्बचीच, आणि त्यासाठी काही रक्कम परीक्षेनंतर द्यायची असं आधीच ठरवा. खरा माल देणारा दुकानदार याला नाही म्हणत नाही; मला नंतर भेटलेल्यानेही नकार दिला नाही.

बिलाचंही बघा. माझ्या बिलावर फक्त 'अ‍ॅक्सेसरीज व फिटिंग' असं लिहून १८ हजार दाखवले होते आणि बाकीची रक्कम एका खाजगी यूपीआयवर घेतली होती. चार्जरचं मॉडेल, सीरियल नंबर, बॅटरीचे एएच, केबलचा साइझ, यातलं काहीच नाही. माझी बाजू टिकली ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोटेशनमुळे आणि यूपीआयच्या नोंदींमुळे. तुम्ही हे सगळं बिलावरच लिहून घ्या.

तक्रारीचा रस्ता आपण समजतो तितका अवघड नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथून दुकानाला विचारणा गेली, उत्तर आलं नाही. मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. वकील लावायलाच हवा असंही नाही.

आता गाडीत दुसऱ्याकडून बसवलेला खरा डीसी-डीसी चार्जर आहे, दोन्ही टोकांना फ्यूज आहे, आणि मागच्या बॅटरीचा निगेटिव्ह चासीवर घेतलाय. पुढच्या निगेटिव्हवर सेन्सर असलेल्या गाडीत तो थेट त्या टर्मिनलला जोडला, तर ईसीयूचा हिशेब चुकतो. पावसाळ्यात गाडी उभी राहते तेव्हा लिथियम निम्मी-साठ टक्के ठेवून वेगळी काढतो. तिला भरून ठेवायची गरज नसते. लेड-अ‍ॅसिडचं उलट, ती कायम भरलेली बरी, म्हणून तिला अधूनमधून छोटा चार्जर लावतो. हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: सेलचं तापमान शून्याखाली असताना लिथियम चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटमध्ये) त्याचं कट-ऑफ आहे का, हे घेतानाच विचारा.

आयोगाची नोटीस पोचल्यावर दुकानदाराचा फोन आला. निम्मे पैसे देतो, पण जुना डबा आणि खोकं परत हवंय, म्हणाला. दिलेलं नाही. रिले, पट्टी आणि २८ सेल सुनावणीला लागणार आहेत.