आवडत्या प्रेमपटाचा शेवट बदलला असेल, तर कुठली प्रत बघावी?

जुना, लाडका प्रेमपट नव्या झळाळीत पुन्हा पडद्यावर येतो. एखाद्या जाहिरातीत ‘मूळ शेवटासह’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्या एखाद्या जाहिरातीत ‘नव्या शेवटासह’. घाईत दोन्ही सारखंच वाटतं, पण या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिकीट काढण्याआधी तो कळावा, म्हणून मी काही चित्रपटांच्या दोन-दोन प्रती शेजारी ठेवून बघितल्या आहेत. बोलायचंच शेवटांबद्दल, त्यामुळे ते उघड होणार. जो चित्रपट तुम्ही अजून बघितलेला नाही, त्याच्याबद्दलचा भाग सोडून पुढे जा.

रिस्टोरेशन म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. निगेटिव्ह किंवा त्यातल्या त्यात चांगली उरलेली प्रिंट शोधायची, ती स्कॅन करायची, एकेका फ्रेमवरची धूळ आणि ओरखडे काढायचे, उडालेला रंग आणि खरखरणारा आवाज जागेवर आणायचा. या कामात कथेला हात लागत नाही. १९९७चा ‘टायटॅनिक’ २०१२ साली थ्रीडीमध्ये आला तेव्हा जेम्स कॅमेरून यांनी एकच दृश्य दुरुस्त केलं: फळकुटावर पडलेल्या रोझच्या डोक्यावरचं आकाश. त्या रात्री, त्या ठिकाणाहून तसे तारे दिसलेच नसते, हे नील डीग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं. त्याच चित्रपटाचा एक वेगळा, कुठल्याच चित्रपटगृहात न दाखवलेला शेवटही चित्रित झाला होता. त्यात म्हातारी रोझ हिरा समुद्रात टाकायला निघते तेव्हा बाकीचे तिथे येऊन पोहोचतात आणि बरीच बोलाबोली होते. तो पुढे डीव्हीडीवर जोड म्हणून दिला गेला, आणि त्याची जागा तीच आहे. ज्याला कुतूहल आहे तो बघेल, चित्रपट आहे तसा राहील.

आता जिथे खरोखर निवड करावी लागते, ती उदाहरणं.

कापलेला शेवट परत जोडला जातो तेव्हा

‘शोले’ला कुणी प्रेमपट म्हणणार नाही. तरी जय आणि राधाचं न बोललेलं प्रेम ज्याच्या मनात घर करून आहे, त्याच्यासाठी हे उदाहरण महत्त्वाचं आहे. १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, ठाकूरने गब्बरला पायांनी ठार मारण्याचा शेवट सेन्सॉरला चालला नाही. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊ नये म्हणून ऐनवेळी पोलीस येतात, असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी रिस्टोअर केलेली प्रत जून २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडे लागली. तिच्यात पहिला शेवट आहे.

इथे माझ्या मनात काहीच द्विधा नाही. नवी प्रतच बघा. तो शेवट संजीव कुमार आणि अमजद खान यांनी स्वतः, त्याच काळात, कॅमेऱ्यासमोर उभा केलेला आहे. तो त्यांच्याकडून काढून घेतला होता, तो परत मिळाला. आणि राधाची मिटणारी खिडकी दोन्ही प्रतींत तीच आहे.

दिग्दर्शकच लांबवतो तेव्हा

‘सिनेमा पॅराडिसो’च्या बाबतीत निवड खरी अवघड आहे. मला स्वतःला ठरवायला फार वेळ लागला.

जुझेप्पे तोर्नातोरे यांचा हा चित्रपट १९८८ साली इटलीत लागला तेव्हा १५५ मिनिटांचा होता आणि चालला नाही. मग तो १२४ मिनिटांवर आणला. जगाने डोक्यावर घेतली ती ही छोटी प्रत. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातलं ज्युरीचं विशेष पारितोषिक आणि परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर तिलाच मिळालं. २००२ साली जवळपास तीन तासांची लांब प्रत आली, आणि ती बघून बाहेर पडलेली माणसं आपापसांत भांडू लागली.

छोट्या प्रतीत नायक तोतो आणि त्याची प्रेयसी एलेना यांची ताटातूट होते आणि तिचं कारण कधीच कळत नाही. ती ठरल्या दिवशी आली नाही, पत्रं परत आली, संपलं. गावच्या थिएटरमधला, आंधळा झालेला प्रोजेक्शनवाला आल्फ्रेदो त्याला सांगतो, गाव सोड, मागे वळून बघू नकोस. तीस वर्षांनी तोतो आल्फ्रेदोच्या अंत्यविधीला येतो, थिएटर पाडलं जाताना बघतो, आणि आल्फ्रेदोने मागे ठेवलेलं एक रीळ घेऊन रोमला परततो. त्या रिळात गावच्या पाद्रीने घंटी वाजवून कापायला लावलेली सगळी चुंबनं एकामागोमाग एक जोडलेली असतात.

लांब प्रतीत तोतोला एलेना सापडते. ती आता त्याच्या एका वर्गमित्राची बायको आहे. आणि कळतं ते असं: त्या दिवशी ती आली होती, उशिरा. आल्फ्रेदोने तिला परत पाठवलं, कारण तोतोने मोठं व्हायचं तर या गावात आणि या प्रेमात अडकून पडू नये, असं त्याला वाटत होतं. तिने प्रोजेक्शनच्या खोलीत चिठ्ठी लिहून ठेवली होती, ती तोतोला दिसलीच नाही.

म्हणजे लांब प्रत प्रेमिकांपेक्षा आल्फ्रेदोला जास्त बदलते. छोट्या प्रतीत तो बापासारखा माणूस आहे. लांब प्रतीत त्याने एका मुलाच्या आयुष्यातून त्याचं प्रेम कापून काढलं आहे, पाद्रीने रिळातून चुंबनं कापावीत तसं. आणि मग ते शेवटचं रीळ, ज्यात एकही फ्रेम बदललेली नाही, दोन प्रतींत दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. एकीकडे ती प्रेमाने ठेवलेली भेट असते. दुसरीकडे, कापणाऱ्याने आयुष्याच्या शेवटी केलेली भरपाई. तोतोच्या डोळ्यांतलं पाणीही मग वेगळं वाटतं.

पहिल्यांदाच बघत असाल, तर १२४ मिनिटांची प्रत. यात मागेपुढे करू नका. एलेना का आली नाही, हे न कळण्यातच त्या प्रेमाचा जीव आहे. आपल्याही आयुष्यातल्या किती ताटातुटींना कारण मिळालेलं नसतं. पण चित्रपट तुमच्या आत मुरला असेल, चार-पाचदा बघून झाला असेल, तर लांब प्रत एकदा जरूर बघा. तिच्यातली भेट लांबलेली आहे, थोडी जास्तच सांगितलेली आहे. तरी ती त्याच दिग्दर्शकाची आहे, त्याच नटांनी केलेली आहे, आणि छोटी प्रत तिच्यासाठी बाजारातून काढून घेतलेली नाही. या शेवटच्या गोष्टीला मी फार वजन देते.

शेवट तोच, पण पुढे काही जोडलेलं

हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांचा २०००चा ‘इन द मूड फॉर लव्ह’ पंचवीस वर्षांनिमित्त पुन्हा लागला, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्यामागे सुमारे नऊ मिनिटांचा एक लघुपट दाखवला गेला. तो २००१ साली कान महोत्सवात दाखवला होता आणि नंतर क्वचितच कुणाला बघायला मिळाला होता. टोनी लिउंग आणि मॅगी च्युंग हेच दोघे, पण आजचा काळ, रात्रीचं एक दुकान, वेगळी पात्रं.

मूळ चित्रपट संपतो तो कंबोडियातल्या अंकोरवाटच्या मंदिरात. पुरुष भिंतीतल्या भोकाला तोंड लावून आपलं गुपित कुजबुजतो आणि ते भोक मातीने बुजवतो. संपूर्ण चित्रपटात त्या दोघांमध्ये जे अंतर जपलेलं आहे, त्याच्यावरचा तो शेवटचा हात. आणि त्यानंतर लगेच तेच दोन चेहरे, मोकळे, जवळ आलेले. शेवटाची एकही फ्रेम बदललेली नाही, पण उठून बाहेर पडताना मनात राहणारं चित्र बदलतं. पहिल्यांदा बघणाऱ्याने श्रेयनामावली संपली की उठावं आणि लघुपट दुसऱ्या दिवशी बघावा. जुन्या प्रेक्षकाला तो दुर्मीळ तुकडा मोठ्या पडद्यावर मिळतोय, त्याने अजिबात सोडू नये.

२००५चा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पहिल्यापासूनच दोन शेवटांनिशी आला. ब्रिटनमध्ये तो बापाच्या परवानगीवर आणि हसण्यावर थांबतो, अमेरिकेत त्यानंतर नवराबायकोचं रात्रीचं एक गोड दृश्य आहे. दोन्ही शेवट त्याच वेळचे, त्याच हातांनी केलेले. मला बापावर थांबणारा आवडतो. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

जे कधी घडलंच नाही, ते घडवलं जातं तेव्हा

‘रांझणा’ २१ जून २०१३ रोजी लागला. दिग्दर्शक आनंद एल. राय, लेखक हिमांशू शर्मा, संगीत ए. आर. रहमान, आणि धनुषचा हा पहिला हिंदी चित्रपट. त्याचं तमिळ रूप ‘अंबिकापथी’ आठवड्याभरात आलं. १ ऑगस्ट २०२५ रोजी हक्कधारक कंपनी इरॉसने हे तमिळ रूप कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या नव्या शेवटासह पुन्हा लावलं. मूळ चित्रपटात इस्पितळात मरणारा नायक कुंदन या प्रतीत डोळे उघडतो आणि उठतो. राय यांनी आधीच जाहीर विरोध केला होता. धनुषनेही सांगितलं की, या शेवटाने चित्रपटाचा आत्माच काढून घेतला, आणि बारा वर्षांपूर्वी आपण होकार दिला तो हा चित्रपट नव्हे.

दोन शेवट शेजारी ठेवले की दिसतं ते हे. मूळ शेवटात कुंदन बिछान्यावर आहे आणि त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. आपण उठू शकतो, हे तो स्वतःच सांगतो. पण आता उठायचं कुणी आणि कशासाठी, असं म्हणून तो डोळे मिटू देतो. तो मरतो त्यात त्याचा स्वतःचा निर्णय आहे. बनारसच्या गल्ल्यांपासून दिल्लीपर्यंत हा मुलगा झोयाच्या मागे लागलेला आहे. तिचा नकार त्याने कधीच ऐकलेला नाही. त्याच्यामुळे तिच्या प्रियकराचा जीव गेला. या पाठलागाला चित्रपट गोंजारतो, अशी टीका तेव्हाही झाली होती, आणि ती मला बऱ्याच अंशी पटते. पण त्या टीकेला चित्रपटाकडे एकच उत्तर आहे, आणि ते शेवटी आहे: आयुष्यात पहिल्यांदाच कुंदन थांबतो.

त्याला उठवलं की ते उत्तर गेलं. मग उरतो तो मागे लागलेला आणि अखेर जिंकलेला मुलगा. शिवाय ज्या सभेत त्याचा घात होतो, तो होणार हे झोयाला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही ठाऊक होतं. अशी दोन माणसं उद्या सकाळी एकमेकांशी काय बोलतील? नव्या शेवटाला हा प्रश्नच पडत नाही. तो उठला, एवढ्यावर तो आनंदी आहे.

तमिळ प्रेक्षकांसाठी तर यात आणखी एक वेदना आहे. अंबिकापथी हे नाव उगाच ठेवलेलं नव्हतं. दंतकथेनुसार अंबिकापथी हा महाकवी कंबराचा मुलगा, चोळ राजकन्या अमरावतीच्या प्रेमात पडलेला. शृंगाराचा स्पर्शही नसलेली शंभर भक्तिपदं गाऊन दाखवलीस तर जीव वाचेल, अशी अट त्याला घातली जाते. अमरावती पडद्याआड मोजत असते. सुरुवातीचं वंदनही ती मोजणीत धरते, शंभर झाली असं समजून बाहेर येते, तिला बघताच त्याच्या तोंडून प्रेमाचं काव्य निघतं, आणि त्याला देहदंड होतो. नव्याण्णवच झालेली असतात. हे नाव वाचून चित्रपटगृहात शिरणाऱ्याला नायक जगणार नाही हे माहीत असतं. ते नाव तसंच ठेवून नायकाला उठवणं म्हणजे नावही खोटं पाडणं.

मग हे करता आलंच कसं? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचं नाव त्यात नाही. कलम ५७ कर्त्याला कलाकृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध हक्क देतं, पण दिग्दर्शक कर्ताच धरला जात नसेल तर त्याला त्याचा आधार मिळणं कठीण. पटकथालेखकाला आपल्या लेखनापुरता तो आहे. नटाच्या बाजूने २०१२च्या दुरुस्तीतलं कलम ३८-बी आहे: त्याच्या अभिनयाची मोडतोड करून नावलौकिकाला धक्का लागत असेल तर तो ती अडवू शकतो. मात्र लांबी कमी करण्यासाठी केलेली निव्वळ काटछाट त्यात मोडत नाही. जो अभिनय नटाने केलाच नाही तो त्याच्या चेहऱ्यावर चढवला, तर काय? काटछाट तर ही नक्कीच नव्हे. फ्रान्समध्ये १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने जॉन ह्यूस्टन यांच्या कृष्णधवल चित्रपटाला रंग चढवण्याविरुद्ध त्यांच्या वारसांचा हक्क मान्य केला होता. तिथे नुसत्या रंगावर अडलं. इथे माणूस मेल्यावर उठला.

‘रांझणा’ कधीच बघितला नसेल, तर २०१३चा बघा, हिंदीत किंवा तमिळमध्ये. बघितलेला असेल आणि नव्या शेवटाबद्दल नुसतं कुतूहल असेल, तरी मी थिएटरचं तिकीट काढून तो बघू नका असंच सांगेन. तिकीटविक्रीचा आकडा पुढच्या चित्रपटाचा शेवट ठरवतो. तंत्र शिकणाऱ्यांची आणि यावर लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी डोळ्यांनी बघूनच बोलावं.

प्रत ओळखायची कशी, हेही सांगते. सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी दिलेली असते, ती मूळ चित्रपटाच्या लांबीशी ताडून बघा. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला बदल बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे तारीखही बघा. ओटीटीवर मात्र एकाच नावाखाली कुठली प्रत ठेवली आहे ते नेहमी लिहिलेलं नसतं. तिथे मिनिटं मोजणं हाच उपाय. ‘सिनेमा पॅराडिसो’ शोधताना १२४ हा आकडा लक्षात ठेवा. तीन तासांच्या आसपासची लांबी दिसली तर ती एलेना भेटणारी प्रत आहे, ती नंतरसाठी बाजूला ठेवा.