छावणी की बाजार? दुष्काळात दावणीचं काय करायचं

पावसाने ओढ दिली की प्रश्न एकच असतो: जनावरं सरकारी अनुदानावरच्या चारा छावणीत न्यायची, की दोन-चार विकून दावण हलकी करायची? आम्ही साताऱ्याच्या माण तालुक्यात दोन्ही करून पाहिलंय.

२०१८ ला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढे छावण्या लागल्या. मोठ्या जनावरामागे रोजचं अनुदान ७० रुपयांपासून १०० पर्यंत गेलं. त्या छावण्यांनी कितीतरी दावणी वाचवल्या, आमचीही. वैरण बहुतेक ऊस आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडेच. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडली नाही तर गाय दुधाला कमी होते, तेवढं सांभाळायचं.

मला नडलं ते वेगळंच. छावणीत जनावराबरोबर माणूसही बांधला जातो. आमच्या तीन गाई आणि बैलजोडी. वडील तिथेच बाजेवर राहिले. पहाटे मी सहा किलोमीटर जाऊन धारा काढायचो, दूध डेअरीला घालायचो, त्यांची भाकरी पोचवायचो, संध्याकाळी पुन्हा तेच. माझी रोजंदारी बुडाली. घरात बारसं झालं, वडील आले नाहीत. जनावरांच्या कानातले बिल्ले तपासायला कधी कोण येईल याचा नेम नव्हता, जनावराजवळ कोणीतरी हवंच. शेवटी मे महिन्यात एक गाय विकावीच लागली. तोवर बरगड्या दिसत होत्या. व्यापाऱ्याने पाठीवरून हात फिरवला आणि दिवाळीत मागितली होती त्याच्या निम्माही भाव सांगितला नाही.

म्हणून २०२३ ला दसऱ्याआधीच दोन गाई विकल्या. अंगावर मांस होतं, भाव बरा आला. त्याच आठवड्यात त्या पैशांतून कडबा घेतला. संक्रांतीनंतर कडब्याची पेंडी इतकी महागते की हात लावता येत नाही. गाभण गाय आणि बैल घरीच राहिले, वडीलही.

अमेरिकेत १९३४ च्या दुष्काळात सरकारनेच लाखो गुरं विकत घेतली होती. आपल्याला तसं गिऱ्हाईक नाही. त्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी, त्यामुळे थकलेला बैल विकायचा म्हटलं तर बाजारात कोणी विचारत नाही. घरात म्हातारे बैलच जास्त असतील तर माझा हिशेब तुम्हाला लागू पडेलच असं नाही. दावण मोठी असेल, छावणीवर राहायला घरचा मोकळा माणूस असेल, तर छावणीही चालेल. पण घरात कामाची दोनच माणसं असतील तर मी म्हणेन, भाकड आणि उशिरा विणारी आधी बाजारात न्या, तीही दसऱ्याच्या आत.